आर्डिस लोकेनच्या बरण्या

आर्डिस लोकेनच्या कचेरीतल्या खिडकीत एकोणचाळीस बरण्या होत्या आणि एकीतही लोणचं नव्हतं. लोणचं होतं तेव्हा ते तिनेच संपवलं होतं. आता आत होतं पाणी. कुणाच्या तरी उघड्या जमिनीवरून पावसात वाहत ओढ्याकडे निघालेलं आणि वाटेत आर्डिसला सापडलेलं. झाकणावर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख, जागा आणि मालकाचं नाव. पोलिसांकडे गुन्हेगारांचे फोटो असतात तशा या बरण्या. लग्नाची नोंदणी करायला काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, इमारतीत आलेली जोडपी कधी चुकून त्या खोलीत शिरत, खिडकीत होणाऱ्या सासऱ्याचं नाव वाचत आणि मागच्या मागे बाहेर पडत.

"वाळू प्रामाणिक असते," आर्डिस नव्या माणसाला शिकवायची. "बरणी ठेवली की मिनिटभरात तळाला बसते. चिकणमाती लबाड. आठवडा झाला तरी पाण्यात तरंगत राहते, आणि वर 'माझा काय संबंध' असं तोंड करते."

आमच्याकडे पाऊस ऑक्टोबरात सुरू होतो आणि मेपर्यंत थांबायचं नाव घेत नाही. लोक छत्री वापरत नाहीत. वापरली तर किती महिने धरणार? याच पावसात कोहो मासे समुद्रातून ओढ्यात चढतात, तळाच्या खडीत अंडी घालतात आणि मरून जातात. खडीवर गाळ बसला की आतल्या अंड्यांचा श्वास कोंडतो. म्हणून काउंटीचा नियम असा, की एक ऑक्टोबर ते तीस एप्रिल नवी जमीन उघडी करायची नाही. झाडोरा काढायचा नाही, बुंधा उपटायचा नाही, उतार खरवडायचा नाही. आधीच उघडी केली असेल तर दोन दिवसांत पेंढ्याने झाकायची. त्यामुळे सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी आमच्याकडे कुणी लग्न ठेवत नाही. गावभर एवढे पोकलेन घरघरत असतात की पाद्र्याने काय विचारलं ते नवऱ्याला ऐकू जात नाही, आणि मग तो कशालाही 'हो' म्हणतो.

हा नियम पाळला जातो की नाही, हे बघणं आर्डिसचं काम. त्या कामासाठी लागणारा मुख्य गुण तिच्यात लहानपणीच आला होता. तिचा बाप जंगलात बुलडोझर चालवायचा आणि तोडलेले ओंडके सरळ ओढ्यातून फरफटत न्यायचा. नऊ वर्षांच्या आर्डिसने पाणी तपकिरी होताना बघितलं आणि विचारलं. बाप म्हणाला, "पाणीच आहे, जाईल वाहून." दुसऱ्या दिवशी ती परत जाऊन बघून आली. गेलं नव्हतं. त्या दिवसापासून तिने कुणाचंही म्हणणं परत जाऊन बघितल्याशिवाय खरं मानलं नाही. नवऱ्याचंही नाही. "मासे धरायला गेलो होतो," असं तो एका रविवारी म्हणाला, तेव्हा तिने आधी त्याचे बूट बघितले. कोरडे. घटस्फोटाच्या कागदावर कारण वेगळं लिहिलं होतं, पण गावाला बूट माहीत होते.

तपासणीच्या कामावर यायच्या आधी एकोणीस वर्षं ती परवान्याच्या खिडकीवर बसली होती. खिडकीपलीकडचा माणूस तोंड उघडायच्या आत तिला कळायचं, आज कुठलं खोटं येणार. 'ते आधीचंच आहे', 'शेजाऱ्याकडून वाहत येतं' आणि 'मला वाटलं एवढ्याला परवाना लागत नाही'. या तिघांची ती नावानिशी ओळख ठेवून होती.

असं असताना, मर्ल पेटिबोनच्या नावाची एकही बरणी खिडकीत नव्हती. हेच तिचं खरं दुखणं.

मर्ल तीस वर्षं पोकलेन चालवत होता. तीस वर्षांत एक डाग नाही. त्याची गाळ अडवायची काळी कापडी कुंपणं ताठ, पेंढा वेळेवर, रस्त्यावर चाकाची माती नाही. असा स्वच्छ इतिहास असलेल्यालाच हिवाळ्यात काम चालू ठेवायची खास परवानगी मिळते, आणि काउंटीत ती एकट्या मर्लला मिळायची. टटलच्या ओढ्याच्या वर, टेकडीवर, तो नव्या अग्निशमन ठाण्याचा पाया खणत होता. त्याच्या हाताखालची दोन माणसं त्यावर हिवाळा काढणार होती. गढूळ पाण्याची एक नोटीस निघाली की ही परवानगी त्याच दिवशी रद्द. मशीन थेट एक मेला सुरू.

"इतका स्वच्छ माणूस नसतो," आर्डिस म्हणायची. "असलाच तर तो माती दुसरीकडे लपवतो."

तिच्या संशयाला एकच सुट्टी होती. फे ओस्टबी. वय अठ्ठ्याहत्तर. शाळेत गाणं-वाजवणं शिकवायच्या. आर्डिसला त्यांनी सनई-पिपाणीसारखं ते क्लॅरिनेट धरायला शिकवलं होतं. (धरायलाच. वाजवणं जमलं नाही.) निवृत्तीनंतर त्या रोज सकाळी ओढ्यावरच्या पुलावर उभ्या राहून मासे मोजत. आर्डिस एकसष्ट वर्षांची झाली तरी त्यांना 'ओस्टबी बाई'च म्हणायची आणि फोन आला की खुर्चीत जरा सरळ बसायची.

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी तो फोन आला.

"आर्डिस, ओढा बिघडला," ओस्टबी बाई म्हणाल्या. "पुलाखाली तीन जोड्यांनी अंडी घातलीत. शनिवारी खडा न् खडा दिसत होता. रविवारच्या पावसानंतर आज पाण्यात उतरले तर माझे स्वतःचे बूट दिसेनात."

"रंग कसा आहे, बाई?"

"दूध घातलेल्या कोकोसारखा. आणि वरच्या अंगाला खणतंय कोण, ते मी सांगायला नको. मी नाव घेत नाही हं. मी नावं घेणारी बाई नाही."

"घेऊ नका. मला पाठ आहे."

आर्डिसने फोन ठेवला. तिला वाईट वाटलं, पण इतकी वर्षं वाट बघितलेली गोष्ट दारात आली की माणसाला नुसतं वाईट कसं वाटेल? तिने हवामानाचा अंदाज बघितला. मंगळवार, बुधवार कोरडे. गुरुवारी दुपारपासून मोठा पाऊस. गाळाचा एक थर अंडी कशीबशी सोसतात; दुसरा बसला की संपलं. म्हणजे गढूळ पाणी येतं कुठून, ते गुरुवारी दुपारच्या आत सापडायला हवं. चुकीचं दार ठोठावलं तर तेवढ्यात खरं दार पुन्हा वाहणार.

तिने रबरी बूट चढवले, रिकाम्या बरण्यांचं खोकं उचललं आणि मर्लकडे निघाली.

मर्ल पोकलेनमधून उतरला तो हसतच. अंगाने ठेंगणा, मिशा दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या लांबीच्या.

"या मॅडम! मी म्हणत होतोच, पाऊस पडून चोवीस तास झाले, आर्डिस आजारी आहे की काय. कॉफी?"

"तुझी कॉफी घेतली तर वहीत लिहावं लागतं."

"मग लिही की. साखर दोन चमचे, तेही लिही."

आर्डिस उतारावर गुडघे टेकून बसली आणि पेंढा बोटांनी उचकला. खाली दोन बोटं उंचीचं हिरवं गवत.

"कधी पेरलंस?"

"वीस सप्टेंबर."

"वीस सप्टेंबरचं गवत एवढंसंच?"

"थंडी पडली ना. गवतावरही काढतेस का नोटीस?"

तिने एक काडी उपटली, मूळ बघितलं, पिशवीत टाकली. बाहेरून आणून अंथरलेलं नव्हतं, इथेच रुजलेलं. मग ती त्याच्या गाळ बसवायच्या तळ्याकडे गेली. तिथून बाहेर पडणारं पाणी बरणीत धरलं, आभाळाकडे केलं. स्वच्छ. इतकं स्वच्छ की तिला राग आला.

"पिऊन दाखवू?" मर्ल म्हणाला.

"नको. मेलास तर कागद मलाच भरावे लागतील."

जाताना तिने त्याच्या ट्रकमध्ये डोकावून बघितलं. मागे पांढऱ्या दोरीच्या जाळीची गुंडाळी आणि एक बॅटरी.

"हे काय?"

मर्लने मिशीच्या लांब टोकाला हात लावला. "कुंपण आहे. विजेचा हलका झटका देतं. हरणं... हरणं येतात ना, पेरलेलं खायला."

आर्डिसने वहीत लिहिलं, 'हरणं?' आणि प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलं.

मंगळवारी ती ओढ्यात उतरली. पुलापासून वर, पाण्यातून, दर वळणावर एक बरणी. तीन तासांनी बरण्या ट्रकच्या बोनेटवर ओळीने मांडून ती समोर उभी राहिली आणि डोकं खाजवलं. मर्लच्या जागेच्या वर पाणी नितळ. मर्लच्या खाली पाणी नितळ. तिथून पूल अर्धा मैल, आणि पुलाखाली अजून कोको.

शिवाय रंग जुळत नव्हता. मर्ल दहा फूट खोल खणत होता. तिथली माती निळसर करडी, शिळ्या माशाच्या पोटासारखी. बरणीतली तपकिरी. ही वरची, पानं कुजून झालेली माती. खणलेली नव्हे, खरवडलेली.

मधल्या अर्ध्या मैलात होतं काय? चर्चच्या शिबिराचं मैदान, काउंटीचाच रस्ता आणि ओस्टबी बाईंचं घर. मैदान तिने तपासलं, गवत शाबूत. रस्त्याच्या कामगारांवर तिचा संशय जुनाच होता. त्यांचा चर बघितला आणि तिथे सापडलं: रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी ताजा तपकिरी गाळ, वीतभर जाड. पण पाऊस थांबल्यामुळे मोरी थेंबथेंब गळत होती. मागचा माग लागेना. मोरीच्या पलीकडे दोन पुरुष उंच काटेरी ब्लॅकबेरीची भिंत. त्यात रानडुक्करही शिरणार नाही.

तिने अर्थ लावला. मर्लने पाया खणण्याआधी वरची माती काढली असणार. ती माती गेली कुठे? ट्रकने आणून इथेच कुठेतरी, काट्यांमागे ओतली असणार. स्वतःची जागा आरशासारखी, आणि घाण दुसऱ्याच्या दारात. तीस वर्षांचं कोडं सुटल्यासारखं वाटून तिने त्या रात्री टूनाचं आख्खं सँडविच खाल्लं. एरवी अर्धं उरवायची.

तिसरी जागा, ते घर, तिने यादीत लिहिलीच नव्हती. ज्या बाईने तक्रार केली, तिच्याकडे काय बघायचं?

बुधवारी बाराला मर्लचा ट्रक टेकडीवरून उतरला. आर्डिस चार गाड्या मागे. रस्त्यालगतच्या कॉफीच्या टपरीवर तो थांबला आणि त्याने दोन पेले घेतले. दोन! एकटा माणूस दोन कॉफ्या कुणासाठी घेतो? तिने वेळ लिहून ठेवली. मग तो ओढ्याच्या रस्त्याला लागला, मोरी ओलांडली आणि थेट ओस्टबी बाईंच्या फाटकात वळला.

आर्डिसने ब्रेक दाबला. याला कळलं. तक्रार कुणी केली ते कळलं, आणि आता म्हाताऱ्या बाईला धमकवायला कॉफी घेऊन आलाय. तिने गाडी रस्त्यातच सोडली आणि धावत घराला वळसा घातला.

घरामागे स्वयंपाकघरातली एक खुर्ची बाहेर आणून मांडली होती. खुर्चीत ओस्टबी बाई, हातात कॉफी. शेजारी मर्ल, हातात कॉफी. आणि समोरच्या अख्ख्या उतारावर चाळीस शेळ्या.

उतारावर काही राहिलंच नव्हतं म्हणा. रस्त्याकडची काट्यांची भिंत तेवढी शाबूत, कारण पांढऱ्या जाळीचं कुंपण तिच्या आत लावलं होतं. कुंपणाच्या आत न्हाव्याने वस्तरा फिरवावा तशी जमीन. पान नाही, गवत नाही, एकशे साठ खुरांनी तुडवून लोण्यासारखी झालेली तपकिरी माती, आणि मधोमध खाली मोरीकडे गेलेली पाण्याची घळ.

"अगंबाई, आर्डिस!" ओस्टबी बाई म्हणाल्या. "कॉफी दोघांपुरतीच आहे बघ."

आर्डिसच्या काखेत कळसा होता तो होताच. वर कळशानेच फोन करून तिला गावाला वळसा घालायला लावलं होतं.

"हरणं," ती मर्लला म्हणाली.

"शिंगं आहेत काहींना," मर्ल म्हणाला आणि कॉफीत बघू लागला.

"कुणाच्या आहेत?"

"माझ्या. हिवाळ्यात काटे साफ करायला भाड्याने देतो. आठ वर्षं झाली."

"मीच बोलावल्या," ओस्टबी बाई म्हणाल्या. "मशीन आणायचं नाही, औषध मारायचं नाही, मग काट्यांचं करायचं काय? ओढ्याच्या काठी मला इथली झाडं लावायची आहेत, माशांना सावली म्हणून. शेळी वरचं खाते, मूळ जमिनीत राहतं, माती हलत नाही. पत्रकात छापलंय."

"किती दिवस झाले यांना इथे?"

"चार दिवसांचं काम होतं," मर्ल म्हणाला.

"मी ते विचारलं नाही."

"बावीस," ओस्टबी बाई म्हणाल्या.

"चार दिवसांत काटे संपले. मग अठरा दिवस त्या काय खात होत्या?"

एक शेळी खुर्चीच्या पायाला अंग घासू लागली. बाईंनी नकळत तिच्या कपाळावर हात ठेवला.

"मीच म्हटलं राहू देत," त्या म्हणाल्या. "सकाळी उठलं की कुणीतरी ओरडतं. बरं वाटतं."

"आणि माझा चारा वाचला," मर्ल म्हणाला. मग एकदम वळला. "थांबा. बाई, आर्डिस इथे आली कशी? ओढ्याची तक्रार तुम्ही केलीत? माझी?"

"तुझी नाही. तुझ्या मशीनची."

"मी रोज कॉफी आणतो तुम्हाला!"

"शेळ्यांचा तू चांगलाच आहेस रे. मशीनचा मला नेहमीच संशय वाटतो." मग त्यांची नजर आर्डिसच्या नजरेमागे घळीवर गेली, घळीतून मोरीवर, आणि मोरीपलीकडे जिथे पूल होता तिथे. शाळेत एखाद्या पोराने चुकीचा सूर लावला की त्यांचे डोळे मिटायचे, तसे मिटले. "आर्डिस. ते पाणी माझं आहे का?"

"हो, बाई."

"तीन जोड्या होत्या गं."

आर्डिसने वही उघडली. "नोटीस दोघांच्या नावाने निघेल. जमीन बाईंची, जनावरं तुझी. शेळ्या आज बाहेर. उतार उद्या बाराच्या आत झाकायचा. आणि मर्ल, टेकडीवरची परवानगी रद्द."

"टेकडीचा काय संबंध? तिथून एक थेंब गढूळ गेला नाही, तूच बरणीत धरलंस!"

"परवानगी जागेला नसते, माणसाला असते. माणूस तोच."

मर्लने पाकीट काढलं, पाकिटातून प्लॅस्टिकमध्ये बंद केलेली एक चिठ्ठी काढली आणि तिच्या हातात दिली. काउंटीच्या परवाना खिडकीचा कागद. तिचंच अक्षर. 'काटे काढायला शेळ्या: यंत्र नव्हे, परवान्याची गरज नाही. सर्व ऋतूंत चालेल. आ. लोकेन.' आठ वर्षांपूर्वीची तारीख.

तिला आठवलं. खिडकीवरच्या शेवटच्या आठवड्यातला दिवस. मर्लने विचारलं होतं, "शेळ्यांना परवाना लागतो का?" आणि तिला वाटलं होतं, हा थट्टा करतोय. ती हसली होती. आर्डिस लोकेन नोकरीत एकदा हसली आणि तेवढ्यात सही होऊन गेली.

"तू ही प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलीस," ती म्हणाली.

"तुझी सही असलेला कागद मी उघडा ठेवीन? मला तुझा भरवसा नव्हता." मर्ल आता हसत नव्हता. "माझी दोन माणसं घरी बसणार आर्डिस, थेट मेपर्यंत. तुझ्या अक्षरात लिहिलंय 'चालेल'. तू ती नोटीस फाडलीस तर मी चिठ्ठी परत पाकिटात ठेवतो. इथे आपण तिघंच आहोत. बाई तर बोलणार नाहीत."

"बाई बोलतील," ओस्टबी बाई म्हणाल्या.

आर्डिसने चिठ्ठी पुन्हा वाचली. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर तिने काय म्हटलं असतं, ते तिला शब्दान्‌शब्द ठाऊक होतं. कोरडे बूट दिसले की ती काय म्हणायची, तेच.

"ही मी ठेवून घेते," ती म्हणाली. "नोटिशीचं दुसरं पान म्हणून जोडते."

"म्हणजे कचेरीतले साहेब तुझ्यावर धावून येणार."

"येऊ दे."

"वेडी आहेस."

"मर्ल, उद्या दुपारी पाऊस आहे. पेंढा कुठे मिळेल तेवढा आण. आणि गव्हाचा पेंढा आण, वाळलं गवत नको. गवतात बी असतं, तण उगवतं. मी गठ्ठा न् गठ्ठा फोडून बघणार आहे."

तिने खरंच बघितला. संध्याकाळपर्यंत शेळ्या मर्लच्या ट्रकमध्ये गेल्या. रात्री त्याची दोन्ही माणसं आली आणि गुरुवारी उजाडताच चौघं उतारावर ओणवी झाली. ओस्टबी बाई खुर्चीवर बसून पातळ राहिलेल्या जागा काठीने दाखवत होत्या, अगदी जुन्या सवयीने. "तिथे. नाही, डावीकडे. मर्ल, तुला डावं कळत नाही का?" घळीत त्यांनी पेंढ्याच्या तीन आडव्या वळकट्या अडकवल्या. बाराला दहा मिनिटं असताना शेवटचा गठ्ठा पसरला. मर्लची माणसं त्या दिवसापुरतीच कामावर होती आणि त्यांना ते माहीत होतं. एकाने आर्डिसच्या नमस्काराला मान हलवली, दुसऱ्याने तेही केलं नाही.

दीडला पाऊस आला. पाच तास पडला. मोरीतून पाणी सुटलं ते आधी तपकिरी, मग फिकट, मग पातळ चहासारखं. त्याहून साफ झालं नाही. शुक्रवारी पुलाखाली खडी दिसत होती. सगळी नाही, मोठे दगड तेवढे. अंड्यांच्या तीन घरट्यांपैकी वरच्या दोहोंवर नवा थर नव्हता. तिसऱ्यावर होता. खाली अंडी जिवंत आहेत का, हे वसंतात पिल्लं निघतील तेव्हा कळणार, नाहीतर निघणार नाहीत तेव्हा. ओस्टबी बाईंनी त्याच सकाळी कचेरीत फोन केला आणि नवी तक्रार नोंदवायला लावली: जागा स्वतःची, तक्रारदार स्वतः. "एक लेखी असू दे," त्या म्हणाल्या. "उद्या मीच नाकबूल करायची."

नोटीस सोमवारी निघाली आणि त्याच दिवशी मर्लची परवानगी रद्द झाली. नोटिशीचं दुसरं पान वाचून मुख्य साहेबांनी आर्डिसला आत बोलावलं. साहेब तरुण होते, शहरातून आलेले, आणि कुणालाही दुखवू नये असं त्यांना शिकवलेलं होतं.

"तुमचा प्रामाणिकपणा वाखाणण्यासारखा आहे," ते म्हणाले. "फक्त एक विचारतो. एकोणीस वर्षांत अशा चिठ्ठ्या किती लिहिल्या?"

आर्डिस म्हणाली, "ही एकच." म्हणाली आणि स्वतःचाच आवाज तिच्या कानाला लागला. खिडकीपलीकडून तो तिने हजार वेळा ऐकला होता.

"बघून सांगते," ती म्हणाली.

चिठ्ठ्यांच्या कार्बन प्रती तळघरात होत्या. एकेका वर्षाचं एकेक खोकं. तिने टेबल ओढलं आणि पहिल्या खोक्यापासून सुरुवात केली, दुसऱ्या कुणाचे कागद असावेत तशी. तिसऱ्या दिवशी दुपारी जिन्यावर बूट वाजले. मर्ल होता. हातात कॉफी, एकच पेला, स्वतःसाठी.

"वरच्या पोरीने सांगितलं तू इथे आहेस. मला काम नाही. तूच बंद केलंस," तो म्हणाला आणि एका खोक्यावर बसला. "किती सापडल्या?"

"तुला काय करायचंय?"

"काही नाही. बघतोय."

"अकरा," ती म्हणाली. तिने वरची चिठ्ठी उचलून वाचली. "'उतारावरचा फक्त एक सीडर. चालेल.' अठरा वर्षांपूर्वीची. जागेचं नाव नाही, मालकाचं नाव नाही. एवढी गाढव मी कधी होते?" तिने मान वर केली. "एक झाड पाडायला माणूस खिडकीवर कशाला येईल? एकाच्या नावाखाली किती गेली असतील? तुला आठवतं कुठला सीडर?"

"मला काय माहीत," मर्ल म्हणाला.

फार लवकर म्हणाला. आर्डिसने त्याच्याकडे बघितलं. मर्लने मिशीच्या लांब टोकाला हात लावला, मग तो हात खाली घेतला, पण उशीर झाला होता.

ती उठली आणि खुंटीवरचा कोट घेतला.

"चल," ती म्हणाली. "तुझी गाडी पुढे. मी मागून येते."